नामाआधीचं फूल

चौतीस वर्षं मी सुरतेत साड्यांसाठी फुलं काढली. सुरुवातीला पांडेसऱ्यातल्या एका प्रिंटिंग मिलमध्ये, काचेच्या टेबलाखाली ट्यूबलाइट लावून, फिल्मवर काळ्या शाईने. शेवटची बारा-तेरा वर्षं कॉम्प्युटरवर. डिझाइनमध्ये सहा रंग असले तर सहा फिल्म लागायच्या. लाल रंगाची वेगळी, पानांच्या हिरव्याची वेगळी, आउटलाइनची वेगळी. सहा स्क्रीन एकामागून एक कापडावर फिरल्या की फूल पुरं व्हायचं. रोटरी स्क्रीनचा घेर साधारण ६४ सेंटिमीटर. काढलेली वेल तेवढ्या अंतरात आपल्याच शेपटीला येऊन मिळाली पाहिजे आणि सांधा दिसता कामा नये. याला आमच्यात रिपीट म्हणतात. ज्याचं रिपीट बसतं तो कारागीर.

ती फुलं कुठल्या झाडाची, असं मला कुणी कधी विचारलं नाही. पाच पाकळ्या, मधे ठिपके, बाजूला दोन कळ्या. पाकळ्या गुलाबाकडे झुकणाऱ्या, पानं भलत्याच कुणाची. त्यांना नाव नव्हतं, नंबर होता. नंबर रद्द झाला की फूलही गेलं. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही, कारण ती फुलं कागदाआधी कुठे नव्हतीच.

माझी भाची कोल्हापूरला शिकायला होती. तिने एकदा मोबाइलवर एका फुलाचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, 'मामा, हे काढून दाखव.' २०२३ साली विशाळगडावर सापडलेलं, शास्त्राला तोवर ठाऊक नसलेलं कंदीलपुष्प. कोल्हापूरच्या न्यू कॉलेजचे अक्षय जंगम, नीलेश पवार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला आणि त्याला छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव दिलं : सेरोपेजिया शिवरायीआना.

त्या संध्याकाळी आम्ही सुरतेतल्या उधन्यात सोसायटीच्या ओट्यावर नेहमीसारखे हरिपाठाला बसलो. खान्देशातून कामासाठी आलेली, आता इथलीच झालेली आम्ही पंधरा-वीस माणसं. टाळ हातात, तोंडाने नाम चाललेलं, आणि माझ्या मनात एकच प्रश्न. हे फूल २०२३ च्या आधी काय होतं? माझी फुलं कागदाआधी नव्हती. हे तर होतं. कुणाला माहीत किती हजार पावसाळे ते त्या गडाच्या अंगावर उमललं असेल. मग नाव दिल्याने त्यात काय वाढलं? आणि काहीच वाढलं नसेल, तर रोज संध्याकाळी आम्ही ओट्यावर बसून ज्याचं नाव घेतो, त्याला तरी आमच्या नाव घेण्याने काय मिळतं?

हा प्रश्न नवा नाही. छांदोग्य उपनिषदात उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, मातीच्या गोळ्याचं उदाहरण देतो. घडा, परळ, पणती ही नावं. खरी आहे ती माती. नाव आणि रूप ही वरची लाट, खालचं पाणी एकच. वेदान्त हेच सांगत आला आहे, की नामरूपाच्या पलीकडे जा. आणि आमचा वारकरी पंथ सांगतो की नामाला धर. नाम हेच साधन आणि नाम हेच साध्य. दोन्ही शिकवणी मी लहानपणापासून एकाच घरात ऐकल्या. वडील पोथी वाचायचे, आई जात्यावर विठ्ठलाचं नाव घ्यायची. दोन्ही खऱ्या कशा असतील, हा विचार करायची वेळ मात्र त्या फोटोने आणली.

आधी फूल सांगतो. कंदीलपुष्पाच्या भारतात पन्नासहून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या कित्येक सह्याद्री सोडून जगात कुठेच नाहीत. बहुतेकींना जमिनीत कंद असतो. उन्हाळाभर वर काही दिसत नाही. पाऊस पडला की कोंब येतो, वेल किंवा नाजूक रोप वर येतं, आणि पानाच्या बगलेतून फूल. खाली फुगीर पोट, त्यावर उभी नळी, आणि नळीच्या तोंडावर पाच पाकळ्या. बहुतेक जातींत त्या पाकळ्या टोकाला एकमेकींना चिकटलेल्या असतात, त्यामुळे मधे पाच खिडक्या राहतात. वाऱ्यात विझू नये म्हणून दिव्याला पिंजरा करावा, तसा आकार.

त्या खिडकीतून वासाच्या ओढीने बारीक माशी आत शिरते. नळीच्या आतल्या अंगाला खाली वळलेले केस असतात. उतरता येतं, चढता येत नाही. माशी पोटात अडकून राहते. फूल जुनं होऊ लागलं की केस सुकतात, नळी कलते आणि माशी सुटते. जाताना तिच्या अंगाला परागांची पुडी चिकटलेली असते. ती पुढच्या फुलात शिरते. माशीने या फुलाचं नाव कधी ऐकलं नाही, तरी ती त्याला चुकत नाही. तिच्यापुरतं उद्दालकाचं म्हणणं पूर्ण खरं आहे. नाव नव्हतं, तरी ओळख होती.

माणसाची ओळख मात्र वेगळ्या वाटेने जाते, हे मला माझ्या बहिणीकडून कळलं.

शहादा तालुक्यातल्या आमच्या गावी, माझ्यामागून दोन वर्षांनी ती झाली. आईची ती तिसरी मुलगी. तिला नकुशी म्हणू लागले आणि शाळेच्या दाखल्यावरही तेच चढलं. अशा मुली महाराष्ट्रात किती होत्या याचा अंदाज यावा म्हणून सांगतो : २०११ साली एकट्या सातारा जिल्ह्यात समारंभ करून अडीचशेहून अधिक नकुशींची नावं बदलली गेली. माझ्या बहिणीच्या वेळी असा समारंभ नव्हता. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन ती दोंडाईच्याला गेली. नवऱ्याने ताटातल्या तांदळांवर अंगठीने नाव लिहिलं : विमल.

मी तिला एकदा विचारलं, की ते नाव लिहिलं तेव्हा तुला बरं वाटलं असेल ना? ती म्हणाली, "दादा, दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी 'विमल' अशी हाक मारली, तर मी मागे वळून बघितलं, कोण आलंय म्हणून. तांदळात लिहून नाव आपलं होत नाही. पुढे त्या आजारी पडल्या. रात्री-अपरात्री हाक यायची, 'विमल, पाणी दे गं.' महिना-दीड महिना. अंधारात हाक आली की उठायचं. तेव्हा कधीतरी ते माझं झालं." मग थोडं थांबून म्हणाली, "आणि आई शेवटपर्यंत मला नकूच म्हणायची. तिच्या तोंडी ते कधी टोचलं नाही."

नकुशी हे नाव तिच्यावर लादलेलं होतं. विमल हेही लादलेलंच होतं, फक्त चांगल्या अर्थाचं. शब्दाच्या अर्थाने तिला दुखवलं नाही आणि तारलंही नाही. जी हाक तिला शोधत आली, ती तिची झाली. आईच्या तोंडचं 'नकू' त्या दाखल्यावरच्या शब्दासारखं ऐकू येत असलं तरी ती हाक होती आणि दाखल्यावरचा तो शिक्का होता.

आता शास्त्राचं नाव कसं ठरतं ते भाचीने मला समजावलं, तेव्हा मी बराच वेळ गप्प बसलो. नव्या जातीचं वर्णन लिहितात, जवळच्या जातींशी फरक दाखवतात. पण नाव बांधलं जातं ते एका नमुन्याला. एक रोप किंवा फांदी दाबून, वाळवून, कागदावर चिकटवून वनस्पती-संग्रहात ठेवतात. पुढे कधी वाद झाला, की अमुक नावाचं झाड नेमकं कोणतं, तर त्या एका कागदाकडे जायचं. रानात वाढणाऱ्या, दरवर्षी थोडं थोडं बदलणाऱ्या सगळ्या जिवंत वेलींचं नाव त्या एका वाळलेल्या फांदीच्या आधाराने उभं असतं. फांदी म्हणजे जात नव्हे, हे सर्वांना माहीत असतं. तरी ती लागते, कारण डोळ्यांना काहीतरी धरायला लागतं. मी मूर्तीपुढे हात जोडतो तेव्हा मलाही माहीत असतं, की विठ्ठल एवढाच नाही.

आणि मग भाचीने जे सांगितलं, त्याने मला घरातून उठून कतारगामला जायला लावलं. कधी कधी नाव फांदीलाही बांधलेलं नसतं, चित्राला बांधलेलं असतं. कंदीलपुष्पांच्या वंशाला सेरोपेजिया हे नाव स्वीडनच्या लिनियसने दिलं. ग्रीक शब्दांवरून बनलेलं, अर्थ मेणाचं कारंजं. १७५३ च्या ग्रंथात त्याने यातल्या एका जातीला सेरोपेजिया कँडेलाब्रम म्हटलं, म्हणजे झुंबरासारखी. आपला 'कंदील' अरबीतून आला आणि अरबीत तो लॅटिन 'कँडेला'पासून पोहोचला. दूर स्वीडनमध्ये आणि इथे सह्याद्रीत, दोन्हीकडच्या माणसांना या फुलात दिवाच दिसला. पण लिनियसने ती वेल डोळ्यांनी पाहिली नव्हती. ती त्याला मलबारच्या वनस्पतींवरच्या 'हॉर्टस मलाबारिकस' या ग्रंथाच्या नवव्या खंडातल्या चित्रात भेटली. चित्रावरचं मल्याळी नाव 'वल्ली'ने संपतं, आणि वल्ली म्हणजे आपली वेलच. आजही कँडेलाब्रम हे नाव त्या चित्राच्याच आधाराने उभं आहे.

तो ग्रंथ ज्याने करवून घेतला, तो डच अधिकारी हेन्ड्रिक व्हॅन ऱ्हीड आमच्या सुरतेत पुरलेला आहे. १६९१ च्या डिसेंबरमध्ये मुंबईजवळ समुद्रात जहाजावरच तो वारला आणि त्याला इथे आणलं. कतारगाम दरवाजाच्या बाजूला डचांचं जुनं कब्रस्तान आहे, त्यात त्याची कबर. वर घुमट, भोवती खांब आणि सज्जा. चौतीस वर्षं मी त्या बाजूने ये-जा केली आणि एकदाही आत पाऊल टाकलं नव्हतं.

तिथे सावलीत बसून मी त्या ग्रंथाचा विचार केला. बारा खंड, १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापलेले. सातशेहून अधिक वनस्पती. झाडांची नावं आणि गुण सांगणारा मुख्य माणूस मलबारचा ईळव समाजातला वैद्य, इट्टी अच्युतन. त्याच्या जोडीला रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोकणी वैद्य. त्यांनी १६७५ साली दिलेलं प्रशस्तिपत्र देवनागरीत कोरून पहिल्या खंडात छापलं आहे. शिवराज्याभिषेकाच्या पुढच्याच वर्षी लिहिलेली ही अक्षरं, आपल्याच लिपीतली. शेकडो झाडं नावानिशी ओळखणाऱ्या अच्युतनला त्या काळी सवर्णांच्या देवळात जाता येत नव्हतं. चोखोबा पंढरपूरला महाद्वाराबाहेर राहिले, तसाच तोही बाहेर. ज्याने इतक्या झाडांना नावाने हाक मारली, त्याला आत बोलावणारी हाक आली नाही. पुढे एका वनस्पतिवंशाला अचुडेमिया हे नाव त्याच्यावरून मिळालं. ऱ्हीडच्या नावाचाही एक वंश होता, ऱ्हीडिया. तो नंतर गार्सिनियात, म्हणजे आपल्या कोकमाच्या वंशात, विलीन झाला. आपल्या गारंबीच्या वेलीच्या शास्त्रीय नावात मात्र ऱ्हीड अजून आहे. माणसाचं नाव झाडाला दिलं म्हणून ते अमर होत नाही. शास्त्रही ते फिरवून घेतं.

पण मी सर्वांत जास्त थांबलो त्या चित्रापाशी. मीही रेषा ओढणारा. माझी रेषा ६४ सेंटिमीटरांवर संपायची आणि तिथूनच पुन्हा सुरू व्हायची. तिला सांधा लपवायचा असायचा. ज्याने मलबारात बसून ती वेल काढली, त्याची रेषा त्या वेलीला बांधील होती. पान जिथून फुटतं तिथूनच फुटलं पाहिजे, देठाची जाडी खोटी चालत नाही. म्हणूनच आज सव्वातीनशेहून अधिक वर्षांनी त्या रेषेवर एक नाव उभं आहे. मी आयुष्यभर फुलं पाहिल्याशिवाय काढली. तो पाहून काढत होता.

विशाळगडाच्या फुलाला महाराजांचं नाव मिळालं, हे सुरतेतल्या मराठी माणसाच्या कानात दोन सुरांत वाजतं. १६६४ च्या जानेवारीत आणि १६७० च्या ऑक्टोबरात महाराज या शहरावर चालून आले. शाळेत आम्ही ते अभिमानाने शिकलो आणि इथल्या शेजाऱ्यांच्या आठवणीत तो जळण्याचा इतिहास आहे. विशाळगड म्हणजे १६६० चा जुलै, पन्हाळ्याहून निघालेले महाराज, खिंडीत उभे राहिलेले बाजीप्रभू. त्या रात्रीच्या पावसातही जमिनीखालच्या कंदांना कोंब फुटतच असतील. फूल यातलं काही जाणत नाही. त्याच्या वाट्याला आलेलं नाव आपल्या प्रेमाचं आहे. आपलं प्रेम त्याच्यावर ठेवून आपण त्याच्याकडे पाहणार, एवढंच.

मग नाव द्यावं की न द्यावं? द्यावं, असं मला ठामपणे वाटतं. ज्याला नाव नाही, त्याची धोक्यातल्या जातींच्या यादीत सहसा नोंद होत नाही. कड्यावरून रस्ता काढताना, गवत पेटवताना, ज्याला नाव नाही त्याच्यासाठी कुणी 'थांबा' म्हणू शकत नाही. पण ते नाव तांदळावर लिहिलेल्या नावासारखं राहू नये. नोंद झाली, समारंभ झाला, आणि मग त्या कड्याकडे कुणी पुन्हा फिरकलंच नाही, तर ते नाव शिक्का ठरेल. पावसाळ्यामागून पावसाळा कुणीतरी तिथे जाऊन पाहिलं, की आहेस का रे, किती आहात, तर ती हाक होईल.

इथे मला माझ्या ओट्यावरच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. उद्दालक सांगतो त्यात खोट नाही : नाव वस्तूला घडवत नाही. विठ्ठल आमच्या नामाआधी होता आणि नंतरही असेल. त्याला आमच्या नाम घेण्याने काही मिळत नाही. सहस्रनामातली हजार नावं त्याच्यात काही भर घालण्यासाठी नाहीत. एका नावाने पाहून पुरत नाही म्हणून दुसऱ्या नावाने पाहायचं, यासाठी ती आहेत. नाम म्हणजे पुन्हा पाहीन, असं दिलेलं वचन. ते वचन पाळणाऱ्यात बदल होतो. आमच्या धंद्यात रिपीट म्हणजे पुन्हा न बघता तेच छापणं. जपातही तेच अक्षर पुन्हा येतं, पण दर वेळी नव्याने पाहायचं असतं. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. मी कित्येक वर्षं हरिपाठही रिपीटसारखा म्हटला, हे मला त्या कबरीच्या पायरीवर कळलं आणि डोळ्यांत पाणी आलं.

आणखी एक गोष्ट तिथेच आठवली. मी दहा-अकरा वर्षांचा असताना श्रावणात वडिलांबरोबर तोरणमाळला गेलो होतो. तिथल्या एका भिल्ल मुलाने खुरप्याने माती उकरून मला एक लहान चपटा कंद काढून दिला. पुसून खा म्हणाला. चव थोडी पाणचट, थोडी गोड. त्याच वेलीला बोटभर लांबीचं, खाली फुगीर, वर जांभळट टोपी घातलेलं फूल होतं. भाचीचा फोटो पाहताच मला ते दिसलं. विशाळगडाची जात नव्हे ती, पण त्याच वंशातली. त्या मुलाने मला तिचं नाव सांगितलं होतं. त्याच्या आजीने त्याला सांगितलेलं नाव. मी ते विसरलो. फूल आठवतं, चव आठवते, खुरप्याचा आवाज आठवतो, नाव तेवढं गेलं.

शास्त्राच्या भाषेत नवी जात म्हणजे शास्त्राला नवी. त्या कड्यांखाली राहणाऱ्या माणसांनी तिला कधी काही म्हटलंच नसेल, असं मी गृहीत धरणार नाही. अच्युतनने सांगितलं म्हणून मलबारची झाडं पुस्तकात आली. मला जे सांगितलं गेलं, ते मी टिकवलं नाही. माझ्याकडून झालेली ही चूक लहान नाही.

घरी येऊन मी कागद घेतला. कॉम्प्युटर लावला नाही. फोटो समोर ठेवला आणि तोरणमाळची ती वेल आठवून आठवून काढली. रेषा कडेला नेऊन जोडायची हाताची सवय तीन वेळा आड आली, तीन कागद फाडले. चौथ्या कागदावर वेल जिथे संपली तिथे संपू दिली. पाचही खिडक्या मोजून काढल्या. भाचीला चित्र पाठवलं, तर तिने एका पानाचा देठ चुकला असं कळवलं. ते खोडून पुन्हा काढलं.

चित्राखाली शास्त्रीय नाव लिहायला मी जागा सोडली आहे आणि त्याच्या वर आणखी एक ओळ रिकामी ठेवली आहे. श्रावणात ताप्ती लाइनच्या गाडीने नंदुरबारला उतरून तोरणमाळला जाणार आहे. तो मुलगा आता माझ्याच वयाचा म्हातारा असेल. तो भेटला नाही तर दुसऱ्या कुणाच्या तरी घरी ओसरीवर बसेन, चित्र दाखवेन आणि विचारेन, "बाबा, तुमच्यात याला काय म्हणतात?"